संरक्षण की कुलूप?

शिरूरच्या एका कॉलेजातल्या मुली कबड्डीच्या हंगामातली पहिली स्पर्धा खेळायला दौंडला गेल्या, तेव्हा मी सोबत होते. मैदानावर संडास नव्हता. मुली दिवसभर घोटभरही पाणी न पिता खेळल्या. उपान्त्य सामना लांबला आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून तो सोडून निघावं लागलं. मुलांच्या संघाला मात्र कॉलेजची जीप होती. आता 'मुलींची जबाबदारी कोण घेणार?' म्हणून पुढच्या स्पर्धाच बंद!

मैत्रिणींनो, मुलींना घरी बसवणं स्वस्त पडतं, म्हणूनच त्याला 'संरक्षण' म्हणतात. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत स्त्रियांची कबड्डी प्रथमच आली आणि सुवर्णपदक भारताने जिंकलं. तरीही २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली ती पुरुषांची; स्त्रियांच्या वाट्याला २०१६ मध्ये तीन संघांचा एक हंगाम आला, तेवढाच. पदक मिळालं की 'आपल्या लेकी', गाडी मागितली की 'तुमची जबाबदारी'!

येत्या पालकसभेत आपण सगळ्याजणी जाऊ. गाडी, संडास, कपडे बदलायला खोली, सोबत शिक्षिका एवढंच मागू. हे उपकार नव्हेत. अर्धा सोडलेला तो सामना मुलींचा हक्क होता.