संशोधन कोणाचे? जोखीम कोणाची?

मराठवाड्यातील महाविद्यालयांत अलीकडे परिषदांचा सुकाळ झाला आहे. परिषद झाली की पाठोपाठ एक जाडजूड विशेषांक निघतो. जालना जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या परिषदेचा असाच एक अंक एका प्राध्यापक मित्राने आमच्या हाती ठेवला. पहिला निबंध विद्यार्थी विकासावर, दुसरा डिझाइनच्या शिक्षणावर, तिसरा वित्तीय जोखमीच्या गणितावर. तिन्ही एकाच मुखपृष्ठाखाली. आम्ही अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला. जालना हे नाव आम्हाला फक्त महाविद्यालयाच्या पत्त्यात सापडले!

आम्ही प्राध्यापकांची टिंगल करण्यासाठी हे लिहीत नाही. बढतीसाठी निबंधांची संख्या मोजण्याची पद्धत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांनी रूढ केली. गुण हवेत तर निबंध हवा, निबंध हवा तर नियतकालिक हवे आणि नियतकालिक हवे तर पैसे मोजा, असा हा बाजार उभा राहिला. त्याला आळा घालण्यासाठी आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी काढली आणि २०२५ साली तीही बंद केली. बाजार मात्र चालूच आहे. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. विद्यार्थी विकास, डिझाइन आणि जोखीम हे तिन्ही विषय आमच्या वस्तीच्या जगण्यामरण्याचे आहेत. मग त्यांवरील संशोधनात आमची वस्ती का नसते?

जोखमीपासूनच सुरुवात करू. परमपूज्य बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. १९२३ साली ‘रुपयाचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलनाची किंमत अस्थिर झाली की तिचा भुर्दंड कोणाला बसतो, हा प्रश्न त्यांनी राज्यकर्त्यांच्या राजधानीत बसून राज्यकर्त्यांनाच विचारला आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना पुन्हा विचारला. आजच्या भाषेत बोलायचे तर हे वित्तीय जोखमीचेच संशोधन होते. फरक एवढाच की, बाबासाहेबांच्या मांडणीत जोखीम सोसणारा माणूस होता. आजच्या गणितात फक्त जोखीम मोजणारी बँक असते.

जालन्याकडे पाहा. २०१२-१३ च्या दुष्काळात हा जिल्हा होरपळून निघाला. त्यानंतर २०१६ साली प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. पीककापणी प्रयोग करून मंडळाचे सरासरी उत्पादन काढायचे, ते उंबरठा उत्पादनापेक्षा कमी भरले तर भरपाई द्यायची, असे तिचे गणित. हे गणित पिकाची जोखीम मोजते. पण पीक बुडाले की मजुरीही बुडते आणि मजुराचा बुडालेला रोज या गणितात कुठेच येत नाही. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना विचारा की, दुष्काळाची जोखीम कोणी उचलली?

त्याहून गंभीर प्रश्न गायरानधारकांचा आहे. मराठवाड्यातील भूमिहीनांनी बाबासाहेबांच्या प्रेरणेने पडीक जमिनी कसायला घेतल्या. पुढे १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अनुसूचित जाती-जमातींची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. तरीही असंख्य गायरानधारकांच्या नावावर आजही सातबारा नाही. काहींची नावे एक-ई च्या नोंदीत अडकून पडली आहेत, तर काहींची तिथेही नाहीत. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाई नाही. म्हणजे ज्याची जोखीम सर्वांत मोठी, तोच जोखमीच्या हिशेबाबाहेर!

२०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरील अतिक्रमणे हटविण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा वस्त्यावस्त्यांत घबराट पसरली. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंह प्रकरणात २०११ साली गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्यास सांगितले, हे खरे. पण शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात नमूद आहे. हा अपवाद किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? आणि त्यावर एका तरी परिषदेत निबंध वाचला जातो काय?

आता शैक्षणिक कर्जाचे पाहू. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तारण नको, जामीनदार नको, असा तिचा गाजावाजा झाला. पण ही सवलत राष्ट्रीय मानांकनाच्या आधारे निवडलेल्या संस्थांपुरती आहे. सुरुवातीला अशा ८६० संस्था ठरल्या. विद्यार्थी तोच, हुशारी तीच, गरिबीही तीच. पण तो यादीतल्या संस्थेत असेल तर पात्र आणि भोकरदन किंवा जाफराबादच्या साध्या महाविद्यालयात असेल तर या योजनेबाहेर. याला म्हणतात जोखमीचे शास्त्र! मानांकनात संशोधन निबंधांनाही वजन असते. म्हणजे ज्या संस्थांकडे साधने आहेत, त्यांचे निबंध जास्त, म्हणून मानांकन वर, म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांना कर्ज सोपे. साधनांची ही वर्णव्यवस्था नव्हे तर काय?

डिझाइनचे शिक्षणही याला अपवाद नाही. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची, मुंबईच्या आयआयटीतील डिझाइन केंद्र १९६९ चे. देशाने या शिक्षणावर मोठा खर्च केला. पण दोर वळणारा मातंग, टोपल्या विणणारा बुरूड, जोडा शिवणारा चर्मकार यांचे ज्ञान आमच्या देशात ‘जात’ ठरते आणि तेच ज्ञान वातानुकूलित वर्गात गेले की ‘डिझाइन’ ठरते. आम्ही पोरांना पुन्हा जातीच्या धंद्याला जुंपा असे मुळीच म्हणत नाही. बाबासाहेबांनी आम्हाला त्या धंद्यांतून बाहेर काढले आहे. आमचे म्हणणे असे की, ज्यांच्या पूर्वजांच्या हातांनी हे ज्ञान घडविले, त्यांची मुले त्या वर्गात विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून बसली पाहिजेत.

ती बसली तर प्रश्न बदलतील. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांपुढे मजूर उभे असतात. त्यांचे हातमोजे, बूट, चष्मा कसे असावेत? ऊसतोड करणाऱ्या बाईच्या डोक्यावरची मोळी हलकी कशी होईल? हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी माणसे गटारात उतरतात आणि मरतात. माणसाला गटारात उतरावेच लागणार नाही असे यंत्र गल्लीबोळात कसे चालेल? हेही डिझाइनच आहे. जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र सुरू आहे. अशी नामांकित संस्था दारात आली याचा आम्हाला आनंदच आहे. पण तिच्या वर्गात जिल्ह्यातील वस्त्यांची किती मुले पोहोचली, हे विचारण्याचा अधिकारही आम्हाला आहे.

राहिला विद्यार्थी विकास. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. खेड्यातून आलेल्या पोराला नुसता प्रवेश देऊन भागत नाही, त्याला राहायला जागा, जेवायला अन्न आणि ताठ मान लागते, हे त्यांनी ओळखले होते. कारण ते स्वतः भोगून आले होते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे संशोधन अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. शिष्यवृत्ती थांबली की काय थांबते, हे आम्हाला कोणी शिकवू नये!

शंभर वर्षांनंतर काय घडले? हैदराबाद विद्यापीठाचा संशोधक रोहित वेमुला याची फेलोशिप थांबली आणि १७ जानेवारी २०१६ रोजी तो आपल्यातून गेला. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. दोघांच्या माता न्याय मागायला सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे साधे होते. जातीय भेदभाव रोखण्यासाठी समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याचे विनियम आयोगाने २०१२ सालीच केले होते, ते कागदावर का राहिले?

महाराष्ट्रातही तेच. बार्टीच्या २०२२ च्या तुकडीतील ८६१ संशोधकांना सरसकट फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसावे लागले. शासन दोनशेचा आकडा धरून बसले. २४ डिसेंबर २०२३ रोजी चाळणी परीक्षा घेतली, तर तिथे २०१९ च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका निघाली! त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात, पीएच. डी. करून पोरे काय दिवे लावणार, असा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी केला आणि राज्यभर गदारोळ झाला. आमचे उत्तर एवढेच की, एका पोराने असा दिवा लावला आणि त्या उजेडात या देशाचे संविधान लिहिले गेले.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. फेलोशिप नोंदणीच्या तारखेपासून आणि दरमहा मिळावी. १९९१ च्या निर्णयानुसार पात्र गायरानधारकांचे सातबारे व्हावेत. तारणमुक्त कर्ज संस्थेच्या मानांकनावर नव्हे, विद्यार्थ्याच्या गरजेवर ठरावे. आणि आपल्या विद्यापीठाने प्रत्येक संशोधन केंद्राला विचारावे की, तुमच्या जिल्ह्याच्या कोणत्या प्रश्नावर तुम्ही काम केले?

पण नुसत्या मागण्यांनी भागणार नाही. जालन्याच्या प्रत्येक तालुक्यातील दोन-चार तरुणांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहावा. महाविद्यालयात समान संधी कक्ष आहे काय, त्याच्या किती बैठका झाल्या, तहसीलमध्ये गायरानाची किती प्रकरणे प्रलंबित आहेत, हे विचारावे. तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे. ती उत्तरे एकत्र केली की तोच आपला पहिला संशोधन निबंध होईल. त्याला कोणत्या नियतकालिकाला पैसे मोजावे लागणार नाहीत आणि त्याच्या पानापानांवर जालना असेल.

जयभीम!