सर्टिफिकेटांची फाईल

सल्ला मागितला की मला चेव येतो. या आठवड्यात मात्र वैताग आला. उज्जैनच्या फ्रीगंजात भाजी घ्यायला निघावं, तर वाटेत कुणाचे तरी आईबाप गाठतात: बी.ए.नंतर वर्षभराचं एखादं सर्टिफिकेट करून ठेवलं, तर एम.ए.ला प्रवेश सोपा जाईल का? कशाचं सर्टिफिकेट, असं विचारलं की, "ते बघू हो, आधी घेऊन तर ठेवू!"

तर एकदाच सांगतो. एम.ए.ला आधी बघतात पदवी आणि तिचे गुण. प्रवेशपरीक्षा असेल तर तिचे. यूजीसीच्या 2024च्या आराखड्यात दोन वर्षांच्या एम.ए.तून एका वर्षानं बाहेर पडणाऱ्याला पीजी डिप्लोमा मिळतो, म्हणजे तो एम.ए.चाच निम्मा रस्ता. सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरच्या कोर्सचे क्रेडिट विद्यापीठानं मानले तर मिळतात, पण आत शिरल्यावर. बाकीची सर्टिफिकेटं शिकण्यासाठी खुशाल करा, गुणवत्ता यादीत ती सहसा कुणाला वर ढकलत नाहीत.

हेच सांगायला सराफ्यातल्या एका ओळखीच्या घरी गेलो, तर काकूंनी कपाटातून फाईलच काढली. कन्येची सर्टिफिकेटं होतीच: टायपिंग, योग, आपत्ती व्यवस्थापन, कुठल्याशा वेबिनारला नुसतं हजर राहिल्याचंही. तळाशी मात्र खरा माल निघाला. आजोबांची बी.ए.ची पदवी! शिकले आमच्याच माधव कॉलेजात, पण कागदावर आग्रा विद्यापीठ. आमची कॉलेजं तेव्हा त्यालाच जोडलेली. आजोबांनी आग्रा काही पाहिलं नव्हतं, ताजमहाल दाखवा म्हणून आजी जन्मभर टोमणे मारायची, "तुमचंच गाव ना ते!"

1957मध्ये इथं विक्रम विद्यापीठ आलं, म्हणून वडिलांच्या पदवीवर विक्रम. 2025मध्ये त्याचं सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ झालं, तेव्हा नातीच्या आधीच्या गुणपत्रिकांवर एक नाव आणि पुढच्यांवर दुसरं. तीन पिढ्या उज्जैनातच शिकल्या, आणि फाईल बघणाऱ्याला वाटावं, घराणं गावोगाव हिंडत होतं! पुण्याला अर्ज केला तर तिथला कारकून हमखास विचारणार, मधेच विद्यापीठ का बदललं? त्याला कोण समजावणार, की मुलगी जागची हललेली नाही, पाटी बदलली.

मग निघाला विषय, भिंतीवर कुणाची पदवी फ्रेम करून लावायची. वडिलांचं म्हणणं, माझी पदवी लावा, प्रथम श्रेणी आहे. काकूंचं मत आजोबांच्या बाजूनं, कारण तो कागद जाड आणि शिक्का ठसठशीत. "आणि तुझी गं?" त्यांनी मुलीला विचारलं. तिनं मोबाइल पुढे केला: "डिजिलॉकरात येईल."

"अहो, मग तिच्या नावाचा तिसरा खिळा कशाला ठोकलात?" काकू नवऱ्यावर कडाडल्या. मी चहा संपवला आणि सटकलो.