पोट लहान झाले, आता घराने बदलायचे

मोडनिंब (ता. माढा, जि. सोलापूर) येथील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या इच्छेवरून नाव छापलेले नाही. त्या लिहितात :

"सप्रेम जय भीम. माझ्या आत्यांचे, म्हणजे सासूबाईंचे, वजन कमी करण्याचे ऑपरेशन पुण्यात झाले, त्याला चार महिने झाले. वय ४८, उंची पाच फूट एक इंच. तेव्हा वजन ११८ किलो होते. साखर, बी. पी. आणि दोन्ही गुडघे धरलेले. आता वजन ९३ वर आले आहे. पण भाकरी खाल्ली की उलटी होते. केस मूठमूठ गळतात. सगळ्यांचे रांधून-वाढून झाल्यावर दोन घास खातात आणि उठतात. शेजारच्या बाया म्हणतात, हिला कसला तरी मोठा आजार झाला आहे. आत्या रात्री रडतात. म्हणतात, कर्ज काढून दुखणे विकत घेतले. आम्ही काय करावे?"

भगिनी, तुमच्या पत्रातच उत्तराचा अर्धा भाग आहे. सगळ्यांचे झाल्यावर दोन घास खातात, असे तुम्ही लिहिले आहे. आधी तिकडेच लक्ष द्यायला हवे. पण त्याआधी हे ऑपरेशन काय असते ते समजून घेऊ.

पोटात काय बदलले?

या ऑपरेशनचे दोन प्रकार जास्त चालतात. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळीच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. याला स्लीव्ह म्हणतात. दुसऱ्यात जठराची अगदी लहान पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. याला बायपास म्हणतात. आत्यांचे कोणते झाले ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असेल. ते नाव घरातल्या प्रत्येकाने पाठ करावे.

ही काही कालपरवाची गोष्ट नाही. अमेरिकेत आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात बायपासची सुरुवात केली. आपल्याकडे भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत वजन कमी करण्याचे ऑपरेशन करून घेतले, तेव्हा ते घरोघरी माहीत झाले. लठ्ठपणा हा श्रीमंतांचाच रोग, हेही आता खरे राहिलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर १०० स्त्रियांमागे २४ जणींचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले.

फरक ऑपरेशननंतर पडतो. सुखवस्तू घरात पथ्याचे रांधून द्यायला माणूस ठेवता येतो. आपल्या घरात जिचे ऑपरेशन झाले तीच चुलीपुढे बसते, तीच सगळ्यांना वाढते आणि उरलेसुरले तीच खाते. डॉक्टरांनी पोट लहान केले, पण घराची रीत तशीच राहिली, तर ऑपरेशनचा फायदा हातचा जातो.

आत्यांचे ताट पहिले

आत्यांच्या पोटात आता एका वेळी एक लहान वाटीभर अन्न मावते. त्या वाटीत काय पडते यावर सगळे अवलंबून आहे. शरीराला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. ती मिळाली नाहीत तर चरबीबरोबर अंगातले मांसही झडते, गळून गेल्यासारखे होते आणि केस जास्त गळतात. म्हणून आधी प्रथिनांचा पदार्थ, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी किंवा भात, असा क्रम ठेवा. सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यात बहुधा भात आणि पातळ कालवण उरते. आत्यांना नेमके तेच नको आहे.

यासाठी महागड्या डब्याची पावडर लागतेच असे नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात. पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम. चिकनच्या शिजलेल्या १०० ग्रॅम तुकड्यात सुमारे २५ ग्रॅम. उजनीची चिलापी मिळते, ती तळण्याऐवजी रश्श्यात शिजवून, काटे काढून द्या. हुलग्याचे माडगे, मुगाचे घट्ट वरण, मऊ शिजवलेली मटकीची उसळ, घरचे दही, भिजवून बारीक केलेले सोयाबीनचे तुकडे, हे सगळे आपल्या आवाक्यातले आहे. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या.

आता भाकरीचे. आपल्या भागातली कडक भाकरी या पोटाला अजून पेलणार नाही. ताजी मऊ भाकरी, तीही चतकोर, वरणात कुस्करून द्या. घास लहान घ्यावा, वीस-पंचवीस वेळा चावावा आणि जेवायला वीस मिनिटे ते अर्धा तास लावावा. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की थांबावे. त्यापुढचा एक घासही उलटीवाटे बाहेर येतो. सगळ्यांना वाढून झाल्यावर घाईघाईने, अर्धवट उभ्याने खाल्लेले दोन घास म्हणूनच बाहेर पडत असण्याची शक्यता मोठी आहे. आत्यांनी आधी बसून जेवावे आणि त्यांना सुनेने किंवा मुलाने वाढावे. हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

जेवताना पाणी पिऊ नये. जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी बंद. एरवी दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी घोटघोट प्यावे. सोलापूरच्या उन्हात हे विसरून चालणार नाही. साखरेचा चहा, बाटलीतले थंड पेय आणि रसवंतीवरचा उसाचा रस टाळावा. बायपास झालेल्या माणसाला गोड एकदम पोटात गेले की धडधड, घाम, चक्कर आणि जुलाब असा त्रास होतो. शेंगाचटणी चवीपुरती चालेल, पण तिच्यावर तेलाची धार नको.

पौर्णिमेचा उपवास पहिल्या वर्षात डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये.

गोळ्या जन्मभराच्या

चार महिन्यांनी केस गळतात, हे या ऑपरेशननंतर पुष्कळांना होते. वजन झपाट्याने उतरले की शरीर केसांकडे दुर्लक्ष करते. बहुतेकांचे केस पुढच्या काही महिन्यांत परत येतात. मात्र प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे कमी पडली तर गळती लांबते.

म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या बंद करू नका. जीवनसत्त्वांची गोळी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह आणि बी-१२ यांची गरज जन्मभर राहते. 'आता बरे वाटते, कशाला गोळ्या?' असे म्हणून त्या सोडल्या, तर वर्ष-दोन वर्षांनी रक्त कमी होते, हातापायांना मुंग्या येतात, हाडे ठिसूळ होतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये. पहिल्या वर्षी ठरल्याप्रमाणे आणि पुढे निदान वर्षातून एकदा रक्त तपासावे. दर वेळी पुण्याला जाणे परवडत नसेल, तर कोणत्या तपासण्या करायच्या ते पुण्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात त्यांची चौकशी करा. ऑपरेशनचे कर्ज फिटेल, पण गोळ्या-तपासणीचा खर्च चालूच राहणार आहे. तो किराणाच्या यादीत धरा.

साखरेच्या आणि बी. पी. च्या जुन्या गोळ्यांविषयी तर या आठवड्यातच विचारा. वजन २५ किलो उतरल्यावर जुना डोस जड होऊ शकतो. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, असे झाले तर साखर फार उतरलेली असू शकते. लगेच ग्लुकोज किंवा साखर द्या, मग डॉक्टरांना कळवा. गोळ्या मनाने कमी करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका.

आणखी दोन गोष्टी. गुडघे दुखले म्हणून मेडिकलच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून खाऊ नये. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी या लहान पोटात जखम होऊ शकते. पॅरासिटामॉल चालते, तेही विचारून. दुसरी गोष्ट मिश्रीची. आपल्या कितीतरी माय-बहिणी सकाळी मिश्री लावतात आणि तिला व्यसन मानत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती, तंबाखू, बिडी, सगळे बंद. दारू तर या पोटाला दुप्पट चढते आणि तिची सवयही लवकर लागते.

केव्हा थांबायचे नाही?

कधीमधी जास्त खाल्ल्याने उलटी होणे वेगळे. पण रोज उलट्या होत असतील, पाणीही टिकत नसेल, तर एक दिवसही घरी काढू नका. सततच्या उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व संपते आणि त्याचा परिणाम मेंदूवर व नसांवर होतो. तोल जाणे, एकाची दोन दिसणे, बोलण्यात घोळ होणे ही त्याची चिन्हे आहेत. अशा वेळी सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे, 'पोट लहान करण्याचे ऑपरेशन झाले आहे, उलट्या चालू आहेत.' म्हणजे ग्लुकोजच्या सलाईनआधी ते बी-१ चे इंजेक्शन देतील. पोटात जोरात दुखणे, ताप, छातीत फार धडधड, दम लागणे, पोटरीला एका बाजूने सूज, काळी शौच यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करा. जलद वजन उतरल्याने पित्ताशयात खडेही होतात, म्हणून उजव्या बरगडीखालची कळ अंगावर काढू नये. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स घरात सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा.

लोकांच्या तोंडाचे काय?

'हिला मोठा आजार झाला' या बोलण्याने आत्या खचल्या आहेत. लठ्ठ होत्या तेव्हाही लोक बोलत होतेच. घरच्यांनी सरळ सांगावे, 'ऑपरेशन झाले आहे, वजन उतरते आहे, साखर आटोक्यात येते आहे.' लपवले की अफवा वाढतात. लग्नात, वास्तूला 'एवढेच खाल्ले? आमच्या घरचे गोड लागत नाही का?' असा आग्रह होतो. तिथे आत्यांना एकटे सोडू नका. 'त्यांचे झाले,' एवढे मुलाने म्हटले तरी पुरे. आपल्यात आग्रह म्हणजे माया, पण या पोटाला आग्रह म्हणजे त्रास.

रात्रीचे रडणेही आजाराचाच भाग समजा. जी बाई दुःखात, दमणुकीत खाऊन मन रमवत होती, तिचा तो आधार गेला. कातडी लोंबते, आरशातले रूप अनोळखी वाटते. दोन-तीन आठवडे मन उदासच राहिले, जेवणावरची वासना उडाली किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलल्या, तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. त्यात कमीपणा काही नाही.

त्रिपिटकातल्या संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. तो भातावर भात खाऊन, धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी प्रमाणात खाणाऱ्याचे दुखणे कमी होते आणि आयुष्य सावकाश सरते अशा अर्थाची गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की रोज म्हणून दाखवायला सांगितले. हळूहळू राजाचा आहार प्रमाणात आला, शरीर हलके झाले. राजालासुद्धा जेवताना शेजारी बसणारे माणूस लागले. मग दिवसभर राबणाऱ्या आपल्या माऊलीने एकटीने कसे निभवावे?

तेव्हा भगिनी, तुमच्या घरातला सुदस्सन कोण, ते ठरवा. रोज दोन्ही वेळा आत्यांच्या शेजारी कोणीतरी जेवायला बसावे. एक वेळचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी उचलावा. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास आत्यांना घेऊन चालावे. डॉक्टरांनी परवानगी दिली की हलके व्यायामही करावेत, म्हणजे मांस टिकते. वजन दीड-दोन वर्षे उतरते, मध्ये काही आठवडे थांबते. त्या वेळी घाबरू नये. पुढे पुन्हा वाढूही शकते, म्हणून महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहावे.

आत्यांनी दुखणे विकत घेतलेले नाही. ११८ किलोचे शरीर, साखर आणि बी. पी. घेऊन पुढची वीस वर्षे काढणे जास्त महाग पडले असते. त्यांनी आपल्या वाट्याचे केले, टेबलावर गेल्या, कळा सोसल्या. आता पाळी घराची आहे. त्यांना आमचा जय भीम सांगा, आणि आज रात्री पहिले ताट त्यांना वाढा.