शाळेच्या बसला पट्टे हवेतच

शाळेच्या बसमध्ये प्रत्येक आसनाला सुरक्षा पट्टा असावा की नसावा, या प्रश्नाचे उत्तर बस कोणत्या रस्त्यावरून धावते यावर बरेचसे अवलंबून आहे. मुंबई-पुण्यातली शाळेची बस प्रवासाचा मोठा भाग वाहतूक कोंडीत काढते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली बस गावाची वेस ओलांडली की महामार्गाला लागते. सुरतेहून नागपूरकडे जाणारा महामार्ग धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर असा सगळ्या मोठ्या गावांना शिवत जातो. मुंबई-आग्रा मार्गावर धुळे, सोनगीर, शिरपूर येतात. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर या केळीच्या पट्ट्यातून जातो. सकाळी सात वाजता ज्या रस्त्यावर मुलांची बस असते, त्याच रस्त्यावर रात्रभर चाललेले कंटेनर आणि केळीने भरलेले ट्रकही असतात.

हे रस्ते काय करू शकतात हे खान्देशाने वारंवार पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये दोंडाईचाजवळ निमगूळ येथे एसटी आणि कंटेनरची धडक होऊन दहाहून अधिक जण गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून १५ मजूर ठार झाले. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरकडे निघालेली एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील देवगोई घाटात विद्यार्थ्यांची बस दरीत कोसळून दोन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. यांत शाळकरी मुलांची बस एकच होती. परंतु रस्ते आणि वेग तेच आहेत, आणि धडक बसताना वाहनात कोण बसले आहे हे रस्ता पाहत नाही.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी बस सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापते. बस एकाएकी थांबली तरी आतले मूल त्याच वेगाने पुढे जात राहते. त्याला बसणारा आघात सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. पुढे काय आहे, यावर मग सारे ठरते. खान्देशात धावणाऱ्या बहुतेक जुन्या बसमध्ये रेक्झिन चढवलेला पातळ बाक असतो आणि त्याच्या पाठीवर धरण्यासाठी लोखंडी पाइप. सात-आठ वर्षांचे मूल बसलेले असताना तो पाइप नेमका त्याच्या तोंडासमोर येतो. नुसता करकचून ब्रेक लागला तरी दात पडणे, ओठ फाटणे, नाकाचे हाड मोडणे हे याच पाइपाने होते. अशा दुखापतींची नोंद अपघात म्हणून होत नाही. ‘ब्रेक लागला’ एवढेच घरी सांगितले जाते.

पट्ट्यांना विरोध करणारे अमेरिकेचे उदाहरण देतात. तिथल्या मोठ्या पिवळ्या बसना केंद्रीय कायद्याने पट्टे सक्तीचे नाहीत, हे खरे आहे. मात्र त्याचे कारण अर्धेच सांगितले जाते. १९७७ पासून तिथे आसनांच्या पाठी उंच, जाड गादीच्या आणि आघात शोषणाऱ्या असाव्या लागतात आणि दोन आसनांतले अंतर कमी ठेवावे लागते. समोरून धडक बसली तर मूल पुढच्या गादीवर आदळते आणि तिथेच अडते. ही रचना समोरच्या आणि मागच्या धडकेत उपयोगी ठरते. बस कुशीवर पडली किंवा उलटली तर मूल त्या कप्प्यातून बाहेर फेकले जाते. २०१६ मध्ये टेनेसी राज्यातील चॅटानूगा येथे शाळेची बस उलटून सहा मुले गेली. त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नव्या मोठ्या बसमध्येही खांदा आणि कंबर धरणारे पट्टे असावेत अशी शिफारस राज्यांना केली. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ते त्याआधीच सक्तीचे केले होते. खान्देशातल्या बसमध्ये ना ती गादी आहे, ना तो पट्टा. अमेरिकेची सवलत मागायची तर आधी अमेरिकेचे आसन द्यावे लागेल.

ब्रिटनचा अनुभव इथल्या परिस्थितीला अधिक जवळचा आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये एका शाळेच्या मिनीबसच्या अपघातात १२ मुले आणि त्यांच्या शिक्षिका ठार झाल्या. आडव्या बाकांवर, पट्ट्यांविना बसलेल्या मुलांचा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला आणि १९९७ पासून मुलांच्या सहलींच्या वाहनांत पुढे तोंड असलेले आसन व पट्टा बंधनकारक झाला. पुढे वेल्सने २०११ मध्ये आणि स्कॉटलंडने २०१७ मध्ये शाळेच्या वाहतुकीसाठी स्वतंत्र कायदे केले. आडवे बाक जळगाव-धुळ्याला नवे नाहीत. व्हॅनमध्ये मागची आसने काढून समोरासमोर दोन फळ्या टाकायच्या, दप्तरे टपावर बांधायची आणि मुले गुडघ्याला गुडघा लावून बसवायची, ही पद्धत तालुक्याच्या कोणत्याही गावात शाळा सुटताना दिसते.

पट्टा म्हटला की कोणता, हेही ठरवावे लागेल. केवळ मांडीवरून जाणारा पट्टा स्वस्त पडतो आणि जुन्या बसला कोणत्याही गॅरेजमध्ये ठोकून देता येतो. लहान मुलांची कमरेची हाडे पुरती भरलेली नसतात. धडकेत असा पट्टा वर सरकून पोटात रुततो, आतडे आणि मणक्याला इजा करतो. वरचे अंग मोकळे असल्याने डोके पुढच्या आसनावर आपटते. कॅनडाच्या वाहतूक विभागाने १९८४ मध्ये केलेल्या चाचण्यांत मोठ्या बसमधल्या अशा पट्ट्याने डोक्याची इजा वाढू शकते असे आढळले होते. म्हणून पट्टा हवा तो तीन टोकांचा, खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा, आणि खांद्याची बाजू मुलाच्या उंचीप्रमाणे खालीवर करता येणारा. नाहीतर पहिलीतल्या मुलाच्या तो गळ्यावर येईल. असा पट्टा पत्र्यात चार नट मारून बसत नाही. धडकेच्या क्षणी सारी ओढ आसनाच्या सांगाड्यावर आणि बसच्या तळावर येते, तेव्हा सांगाडा त्या ओढीसाठीच बनवलेला असावा लागतो. तपासणीपुरते लावलेले पट्टे पालकांना खोटा दिलासा देतील आणि मुलाला आसनासकट पुढे फेकतील.

कायदा या विषयावर मुका नाही. यमुनेत शाळेची बस कोसळून २८ मुले बुडाली ती १८ नोव्हेंबर १९९७ ची घटना. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बससाठी वेगनियंत्रक, अनुभवी चालक, सोबत मदतनीस अशा अटी घातल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये शालेय बसची स्वतंत्र नियमावली केली. तिच्यानुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब ने १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना नेणाऱ्यास एक हजार रुपये दंड ठरवला. याच कलमात उभे प्रवासी नेणाऱ्या आणि इतर ठरावीक सार्वजनिक वाहनांना पट्ट्याच्या सर्वसाधारण सक्तीतून सूट देण्याची मुभा राज्य सरकारला आहे. खेड्यातली बहुसंख्य मुले ज्या एसटीने आणि मुलींसाठीच्या मानव विकासच्या निळ्या बसने जातात, तिथे उभे राहूनच प्रवास होतो; पट्ट्याची चर्चा त्यांच्यापर्यंत आज पोहोचत नाही. तिथे आधी फेऱ्या वाढवणे हाच सुरक्षेचा उपाय आहे.

मात्र जी वाहने केवळ शाळेसाठी आणि पालकांच्या पैशावर चालतात, त्यांना सूट देण्याचे कोणतेही कारण नाही. पट्ट्याचा सर्वांत मोठा फायदाही इथेच आहे, आणि तो धडकेच्या वेळचा नाही. पट्टा मोजता येतो. तीन पट्ट्यांच्या बाकावर पाच मुले बसवली तर दोन मुले मोकळी राहतात, आणि ते दारातून डोकावणाऱ्या कोणालाही दिसते. आज १२ वर्षांखालील मुले आसनक्षमतेच्या दीडपट नेण्याची सवलत दिल्लीसह अनेक ठिकाणच्या सूचनांत आहे. प्रत्यक्षात दीडपट कधी दुप्पट होते ते कळतही नाही. एका मुलाला एक पट्टा म्हटल्यावर एका मुलाला एक जागा द्यावीच लागते. अ‍ॅपे रिक्षात चालकाच्या दोन्ही बाजूंना मुले लटकवण्याची, व्हॅनच्या डिकीत बालवाडीची मुले कोंबण्याची सोय आपोआप संपते.

यातूनच खर्चाचा खरा प्रश्न उभा राहतो. पट्ट्यांचा खर्च एकदाच होतो. मुलांची संख्या कमी झाल्याचा खर्च दर महिन्याला येतो. त्याच डिझेलमध्ये, त्याच हप्त्यात कमी मुले न्यायची म्हणजे प्रत्येकामागे भाडे वाढणार. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी पारोळ्याच्या किंवा साक्रीच्या शेतकऱ्याला ही वाढ जड जाणार, यात शंका नाही. व्हॅनवाले काकाही कर्ज काढूनच गाडी चालवतात. म्हणून सारा भार या दोघांवर टाकून सरकारने बाजूला होणे योग्य नाही. पट्ट्यांसह नवी बस घेणाऱ्या शाळांना आणि चालकांना वाहनकरात सूट देणे राज्याच्या हाती आहे, आणि ते केल्याशिवाय सक्ती कागदावरच राहील.

आक्षेप आणखी दोन आहेत. आग लागली किंवा गाडी पाण्यात पडली तर पट्ट्यात अडकलेली मुले बाहेर कशी येतील, ही भीती यमुना आणि नर्मदेच्या घटना ठाऊक असलेल्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण धडकेत डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेले मूल पट्टा नसतानाही बाहेर येत नाही. शुद्धीवर असलेले मूल एक बटण दाबून सुटू शकते. त्यासाठी मुलांचा सराव घ्यावा लागेल आणि मदतनीसाजवळ पट्टा कापण्याची सुरी असावी लागेल. दुसरा आक्षेप असा की मुले पट्टा लावणारच नाहीत. बालवाडीपासून रोज लावलेला पट्टा मुले विसरत नाहीत. मोठ्यांनीच गाडीत तो लावलेला नसतो. बस निघण्यापूर्वी मागून पुढे एक फेरी मारणे हे मदतनीसाचे काम आहे, आणि तो मदतनीस खरोखर बसमध्ये असला पाहिजे. जळगाव शहरातून जाणाऱ्या महामार्गावर बसमधून उतरून रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला पट्टा वाचवू शकत नाही; तिथे हात धरणारा माणूसच लागतो.

केंद्राने शाळेच्या प्रत्येक नव्या बसला आणि व्हॅनला सर्व आसनांवर तीन टोकांचे पट्टे कारखान्यातूनच बसवणे बंधनकारक करावे. जुन्या बसमध्ये दुकानात पट्टे ठोकण्याचा मार्ग बंद ठेवावा; त्याऐवजी पाइपवर जाड गादी, आसनांची पक्की पकड आणि मुलांची ठरलेली संख्या एवढे तरी लगेच व्हावे, आणि महामार्गावरून जाणाऱ्या फेऱ्यांतून या बस आधी काढाव्यात. आडव्या फळ्यांच्या व्हॅन जळगाव आणि धुळ्याच्या परिवहन कार्यालयांनी शाळा उघडण्यापूर्वी थांबवाव्यात; त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. पालकांनीही जून महिन्यात वाहनाचे पहिले पैसे देण्यापूर्वी गाडीत एकदा आत डोकावावे, जागा मोजाव्यात, मुले किती बसणार ते विचारावे आणि उत्तर पटले नाही तर शाळेच्या परिवहन समितीकडे लेखी तक्रार द्यावी.