सत्तेच्या खोलीतला कॅमेरा

१ मे २०११. व्हाइट हाउसच्या सिच्युएशन रूममधली एक लहानशी खोली. टेबलाच्या टोकाची मुख्य खुर्ची हवाई दलाच्या एका ब्रिगेडियर जनरलकडे. बराक ओबामा बाजूला, कोपऱ्यात अंग चोरून बसलेले. हिलरी क्लिंटन यांचा हात तोंडावर. ओसामा बिन लादेनच्या पाकिस्तानातल्या घरावर छापा सुरू होता आणि सगळ्यांचे डोळे पडद्यावर खिळले होते. पडद्याकडे न पाहता या चेहऱ्यांकडे पाहणारा माणूस एकच, पीट सूझा.

राष्ट्राध्यक्षांचे अधिकृत छायाचित्रकार सूझा यांना हे काम नवखे नव्हते. १९८३ ते १९८९ या काळात त्यांनी रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये कॅमेरा चालवला. पुढे 'शिकागो ट्रिब्यून'साठी काम करताना, २००५ मध्ये सिनेटमध्ये नव्याने आलेल्या ओबामांचा त्यांनी पहिल्या दिवसापासून माग ठेवला. रेगन रिपब्लिकन, ओबामा डेमोक्रॅट. ओबामांच्या आठ वर्षांत सूझांनी जवळपास १९ लाख छायाचित्रे काढली.

एवढ्या जवळ जायचे तर विश्वास कमवावा लागतो, आणि धोकाही तिथेच असतो.

नोव्हेंबर २०१३ मध्ये ३८ वृत्तसंस्था आणि पत्रकार संघटनांनी व्हाइट हाउसला निषेधाचे पत्र धाडले. कार्यक्रम खासगी म्हणून वृत्तछायाचित्रकारांना बाहेर ठेवायचे आणि नंतर त्याच कार्यक्रमाचे सरकारी छायाचित्र जगाला वाटायचे, ही त्यांची तक्रार होती. ती रास्तच होती. सूझा कितीही निष्णात असले तरी कोणते छायाचित्र बाहेर जाईल, हे ठरवणार सरकारच. सिच्युएशन रूमच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रातही क्लिंटन यांच्यासमोरचा गोपनीय कागद पुसट करूनच ते प्रसिद्ध झाले. तिथे कारण योग्य होते. पण पुसण्याचा अधिकार एकाच हाती असेल, तर दुसरा कॅमेरा आत हवाच.

तरीही अधिकृत छायाचित्रकाराचे पद नकोच, असे म्हणणे चुकीचे ठरेल. जॉन्सन यांचे एक छायाचित्र पाहावे. जुलै १९६८, व्हिएतनाममधून जावयाने पाठवलेली ध्वनिफीत ऐकताना टेबलावर डोके टेकून खचलेला राष्ट्राध्यक्ष. हेही व्हाइट हाउसच्याच छायाचित्रकाराने टिपले. असे क्षण पुढच्या पिढ्यांच्या हाती पडावेत, याची सोय १९७८ च्या कायद्याने केली. राष्ट्राध्यक्षांच्या कारभाराच्या नोंदी देशाच्या मालकीच्या ठरल्या आणि पद सुटताच त्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाऊ लागल्या.

महाराष्ट्रातही माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचे छायाचित्रकार मंत्र्यांच्या बैठका, दौरे, उद्घाटने टिपतात. वृत्तपत्रांकडे येतात ती बहुधा पुष्पगुच्छांची आणि फीत कापण्याची. न पाठवलेली छायाचित्रेही तारीख, ठिकाण आणि उपस्थितांच्या नावांसह पुराभिलेखागारात जमा व्हावीत, ठरावीक वर्षांनी अभ्यासकांना खुली व्हावीत. आणि मंत्रालयातल्या महत्त्वाच्या बैठकीच्या सुरुवातीची पाच मिनिटे तरी वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना दालनात प्रवेश मिळावा.