पागोळ्यांचे पाणी आणि आपले परसदार

सूर्यमाळच्या पठारावर पाऊस किती पडतो हे त्या बाजूच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. वर्षास शंभर इंच हा आकडा तेथे नवलाचा नाही. तरीही होळी उलटली की त्याच पठाराच्या आसपासच्या पाड्यांतून बायकांची रांग हंडे घेऊन दरीत उतरू लागते, आणि वैशाखात टँकरची वाट पाहण्याची वेळ येते. मोखाडा व जव्हार तालुक्यांची ही कैफियत जुनी आहे. महसूल खात्यात कारकुनी करीत असता टंचाईच्या याद्या लिहिण्याचे काम आमच्याकडेही येत असे. मागील सालची यादी पुढे ओढली तरी दोनचार नावांपलीकडे फरक पडत नसे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

याचे कारण जमिनीतच आहे. वर मातीचा पातळ थर, खाली काळा पाषाण, आणि उतार असा की पडलेले पाणी घटकाभर थांबत नाही. ते वैतरणेस मिळते. त्याच नदीवर मोखाडा तालुक्याच्या अंगाने मध्य वैतरणा धरण सन २०१४ मध्ये पुरे झाले व त्याचे पाणी मुंबईस जाते. धरण आमच्या उशाशी आणि घागर रिकामी, ही तक्रार रास्त आहे. ती ग्रामसभेत मांडीत राहिलेच पाहिजे. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली, तीत माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ठरले आहे. त्याचाही हिशेब मागत राहावे. परंतु हक्काचे पाणी मागणे निराळे आणि आपल्याच छपरावर पडलेले पाणी डोळ्यांदेखत ओहोळात जाऊ देणे निराळे. पहिल्यास सरकार पाहिजे. दुसऱ्यास एक बांबू, दोन तारा आणि घरधन्याचा एक दिवस पाहिजे. आमचे भांडण या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे, आणि ते आमच्याच वर्गाशी, म्हणजे सातबाऱ्यावर ज्यांचे नाव आहे अशा खातेदारांशी आहे.

हिशेब करून पाहू. वीस फूट रुंद व पंचवीस फूट लांब असे मध्यम घर धरले तर छपराखालची जागा ५०० चौरस फूट होते. तीवर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे ११८० लिटर पाणी पडले. दोनशे लिटरची पाच पिंपे भरून सहावे भरत आले, ते एका सरीत. शंभर इंचांस हाच आकडा १,१८,००० लिटरांवर जातो. कौले काही पाणी पितात, काही शिंतोडे उडून जाते, सबब पाचवा हिस्सा वजा घालावा. तरी नव्वद हजारांहून अधिक उरते. आता गरज पाहा. पाच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास रोज ८० लिटर धरले, तर माघ ते वैशाख या चार महिन्यांस ९,६०० लिटर लागतात. म्हणजे छपरावर पडणाऱ्या पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा साठविता आला तर त्या घरची सून उन्हाळ्यात दरी उतरणार नाही.

हे ऐकून कोणी म्हणेल की दहा हजार लिटरचे टाके बांधणे हे सामान्य शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरचे आहे. ते एकदम बांधा असे आमचे म्हणणे नाही. थायलंड देशाच्या ईशान्य भागात अशीच स्थिती होती, पावसाळ्यात पूर व उन्हाळ्यात कोरड. तेथील खेडुतांनी सन १९८० नंतरच्या दशकात सिमेंटचे मोठे रांजण घरोघरी करण्यास आरंभ केला. हजार ते दोन हजार लिटरचा एक रांजण, एका साली एक. असे लक्षावधी रांजण त्या देशात झाले. आपल्याकडे गवंडीकाम जाणणारा एखादा तरुण बहुतेक प्रत्येक मोठ्या गावात आहे. तो शहरात जाऊन दुसऱ्यांच्या टाक्या बांधून येतो आणि स्वतःच्या आईस मात्र झऱ्यावर पाठवितो.

येथे थोडे कडू बोलणे भाग आहे. आमच्या पाहण्यात अशी घरे पुष्कळ आहेत की ज्यांच्या ओटीस चकचकीत फरशी आहे, दर्शनी भिंतीस दरसाल रंग आहे, पुढील दारास लोखंडी जाळी आहे, आणि मागील दारी पाऊल टाकावे तर घोटाभर चिखल. याचे कारण पैशाची चणचण नव्हे. ओटीवर पुरुष बसतो व मोरीवर बाई बसते, एवढेच त्याचे कारण आहे. पाणी आणण्याचे काम ज्यास कधी करावे लागले नाही, त्यास पन्हळ लावण्याची निकड कशी वाटावी? घरची डागडुजी काय करावयाची हे जोवर ओटीवर ठरते, तोवर परसदाराची पाळी येणार नाही असे आमचे स्पष्ट मत आहे.

पन्हळीचे काम मुळीच अवघड नाही. जाड बांबू उभा चिरून आतील पेरे साफ काढावीत, किंवा प्लॅस्टिकचा चार इंची नळ लांबीने चिरावा. वळचणीच्या वाशांस तारेने टांगून दहा फुटांस एक-दीड इंच असा ढाळ द्यावा व तोंडाशी पिंप ठेवावे. पिंप कोणते ते मात्र नीट पाहावे. औषधाचे किंवा रसायनाचे रिकामे पिंप स्वस्त मिळते म्हणून आणू नये. ते कितीही धुतले तरी त्यातील पाणी माणसाच्या किंवा गुरांच्या पोटात जाता कामा नये. पहिल्या दोनतीन सरींचे पाणी सोडून द्यावे, म्हणजे छपरावरील धूळ, पाला व पक्ष्यांची घाण धुऊन जाते. पिंपाच्या तोंडास दुहेरी फडके घट्ट बांधावे, नाहीतर त्यात डास होऊन डेंग्यूस आपणच आमंत्रण देऊ. प्यावयाचे पाणी उकळून घ्यावे. छपरास सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते करवतीने कापण्याच्या फंदात पडू नये, त्यांची धूळ फुप्फुसास फार घातक असते.

पन्हळीचा आणखी एक लाभ आहे, तो पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आमच्या भागात कारवीच्या कुडाची घरे अद्याप आहेत. चांगला लिंपलेला कूड उन्हाळ्यात थंड राहतो, व तो पाडून विटांची भिंत घातली की मोठेपणा येतो या समजुतीस आम्ही अनुकूल नाही. कूड वरून खराब होत नाही, पायाशी कुजतो. आणि पायाशी कुजतो तो पागोळीच्या शिंतोड्यांनी. पन्हळ लागली की ते शिंतोडे थांबतात, भाद्रपदात भिंतीचा खालचा हात पुन्हा लिंपण्याचे काम वाचते, आणि ज्या चोथऱ्यास वाळवी लागत असे तो कोरडा राहतो.

आता मोरीचे पाणी. आपल्या आज्या मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ लावीत, त्यात शहाणपण होते. मोरीपासून हातभर चर काढून तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तेवढाच खोल खड्डा दगडगोट्यांनी भरावा. विहिरीपासून तो दूर असावा. त्याच्या कडेने केळ, पपई, शेवगा व अळू लावले म्हणजे एरवी दुर्गंधी व डास देणारे पाणी भाजी देऊ लागते. साबणाचे पाणी पालेभाजीवर थेट सोडू नये एवढी खबरदारी पुरे. पावसाळ्यात काकडी-भोपळ्याचे वेल कोणाच्याही दारी असतात. प्रश्न माघापासून पुढचा आहे. त्यासाठी ज्याच्या परसात जागा आहे त्याने दहा फूट चौरस व पाच फूट खोल खड्डा काढून आत जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. त्यात चौदा हजार लिटर पाणी मावते. कोकणात आंबा-काजूच्या कलमांसाठी अशी जलकुंडे करतात. वर गवताचे छप्पर नसेल तर अर्धे पाणी ऊनच पिऊन टाकील, आणि भोवती कुंपण नसेल तर लहान पोराचा जीव धोक्यात येईल. ही दोन कामे मागाहून करू म्हणून ठेवू नयेत.

हे सर्व भाजीच्या चवीसाठी नव्हे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे सन १९९२ मध्ये कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे डोळे इकडे वळले होते. त्यानंतर योजना पुष्कळ आल्या. बायफसारख्या संस्थेने एकेका एकरात आंबा-काजूच्या वाड्या उभ्या करून दाखविल्या. त्यांतही कलमे जगली ती कुटुंबाने उन्हाळाभर हाताने पाणी घातले म्हणून. नागली-वरईच्या भाकरीबरोबर चैत्रात मुलाच्या ताटात हिरवे काही पडते की नाही हे शेवटी परसदारीच ठरते.

ज्यांस दिवाळीनंतर घरास कुलूप लावून वीटभट्टीवर जावे लागते, त्यांस आम्ही हा उपदेश करणार नाही. त्यांच्या परसात पाणी कोणी घालावयाचे? म्हणूनच आम्ही खातेदारांस धरले आहे. त्यांचे घर बारा महिने उघडे असते, त्यांच्याकडे बांबू आहे, पहार आहे, आणि त्यांचे पाहून इतर करतात.

मृगाआधी शाकारणीसाठी शिडी लागतेच. त्याच दिवशी पन्हळ टांगून घ्यावी, म्हणजे दुसऱ्यांदा शिडी मागावयास नको. दोन्ही बाजूंस एकदम जमत नसेल तर परसदारची बाजू आधी घ्यावी. ओटीची पुढील साली झाली तरी चालेल.