संमतीचे शिक्षण आणि चित्रांचे भय

सन २००७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमास मनाई केली, त्या वेळी उसळलेल्या क्षोभाच्या अग्रभागी शिक्षकांसाठी तयार केलेल्या साहित्यातील चित्रे होती. चित्रांविषयीचे हे भय मला अस्थानी वाटते. किंबहुना किशोरवयीन मुलांना परस्परांच्या संमतीचा अर्थ समजावून द्यावयाचा असेल, तर चित्रांइतके समर्थ साधन दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे.

नकार पुष्कळदा तोंडावाटे येतच नाही. बाकावर शेजारी बसलेली दोघे, मुलाचा हात मुलीच्या खांद्यावर, तिच्या ओठांवर हसू, परंतु खांदा आक्रसलेला आणि दप्तराचा पट्टा मुठीत घट्ट आवळलेला, असे एखादे चित्र नववीच्या वर्गापुढे ठेवले, तर ‘ती तर हसतेय की’ म्हणणारा मुलगा आणि ‘पण तिची मूठ बघ’ म्हणणारी मुलगी यांच्यात जो वाद होईल, तो कोणत्याही व्याख्यानाने घडवून आणता येणार नाही.

हाच वाद वर्गात न झाल्यामुळे न्यायालयात करावा लागला. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९७८ साली, तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, यास्तव तिने प्रतिकार केला नसावा, असे अनुमान काढून दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडण्यात आले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना धाडलेल्या खुल्या पत्राने देश हलला, १९८३ मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला. तरी केवळ प्रतिकाराचा अभाव म्हणजे संमती नव्हे, हे कलमात निःसंदिग्ध शब्दांत येण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा ग्राह्यच धरीत नाही, मग ती शिकवावी कशाला, असे पालक विचारतात, आणि त्यांची काळजी मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु अठरावा वाढदिवस उजाडला म्हणून दुसऱ्याच्या संकोचाची जाणीव आपोआप उपजत नाही. ‘काकांना पापा दे’ म्हणत रडवेल्या पोराला आपण पुढे ढकलतो, तेथूनच या जाणिवेचा लोप सुरू झालेला असतो.

म्हणून बालभारतीने संमतीविषयीचे सचित्र पुस्तक मराठीत काढावे. त्यातील घरे, एसटीचे थांबे, शिकवणीचे वर्ग आपल्या गावचे असावेत, नकार देणाऱ्यांत मुलगेही असावेत. आणि मुलामुलींना निरनिराळ्या खोल्यांत बसवून ते वाचून घेण्याचा शिरस्ता मात्र कोणी पाडू नये, कारण समोरच्याच्या मनात काय आहे हे विचारण्याचा सराव, ज्याला विचारावयाचे त्यालाच खोलीबाहेर ठेवून, होणार नाही.